हातचा एक

आकडेमोडीचं ते जुनं, हाताने फिरवायचं यंत्र माझ्याकडे आलं तेव्हा त्याचं हँडल अर्ध्यावर अडकलं होतं. पुढे जाईना, मागेही येईना. सरांनी ते माझ्या स्वाधीन करताना एवढंच सांगितलं, "अगं, जोर लावू नकोस. अडलंय म्हणजे कारण असणार. आधी कारण शोध." सर जमीन-मोजणीचं गणित शिकवायचे, आणि त्याआधी कित्येक वर्षं तेच गणित त्यांनी या यंत्रावर स्वतः केलं होतं. पुढे इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटर आले आणि यंत्र कपाटात गेलं. आतलं वंगण हळूहळू सुकून डिंकासारखं झालं.

हे ओडनर पद्धतीचं यंत्र. वरच्या बाजूला दहा खाचा, आणि प्रत्येक खाचेत ० ते ९ असा सरकणारा एक खटका. उजव्या अंगाला हँडल. खाली पुढच्या बाजूला डावी-उजवीकडे सरकणारं कॅरेज. कॅरेजवर खिडक्यांच्या दोन ओळी आहेत: उजवीकडच्या तेरा खिडक्या उत्तराच्या, डावीकडच्या आठ खिडक्या हँडलच्या फेऱ्या मोजणाऱ्या. कॅरेजच्या दोन्ही टोकांना पंख असलेली एकेक चावी आहे. ती पिळली की त्या बाजूची ओळ शून्यावर येते. हे यंत्र बेरीज आणि वजाबाकी करतं, बाकी काही करत नाही. गुणाकार, भागाकार, वर्गमूळ हे सगळं चालवणाऱ्याने त्या दोन गोष्टींतून उभं करायचं असतं. मला हे यंत्र इतकं आवडण्याचं मुख्य कारण हेच.

वरचं झाकण काढलं. पातळ स्पिरिट आणि मऊ कुंचला घेऊन चार संध्याकाळी नुसती सफाई केली. चौथ्या दिवशी कारण सापडलं. उत्तराच्या पाचव्या घरासमोर एक छोटी हातोडी असते. ती अर्धवट कललेली होती आणि सुकलेल्या तेलाने तिथेच चिकटली होती. तिच्या आड येऊन एक दात थांबला होता, आणि त्याच्यामुळे अख्खं यंत्र. ती हातोडी म्हणजे यंत्राचा 'हातचा'. कुणीतरी कधीतरी बेरीज करताना पाचव्या घरातून सहाव्या घरात एक न्यायचा होता, आणि तो तिथेच अडकून पडला होता. कुंचल्याने दोन थेंब सोडले, थोडा वेळ थांबले, बोटाने हलकेच दाबलं. हातोडी 'टक' करून मागे गेली आणि हँडल स्वतःच्या वजनाने किंचित खाली आलं.

झाकण उघडंच होतं म्हणून मी आतली रचना नीट पाहून घेतली. प्रत्येक खटक्याखाली एक चकती आहे आणि चकतीच्या कडेत नऊ दात लपलेले आहेत. खटका ६ वर नेला की चकतीतली एक कडी फिरते आणि सहा दात बाहेर ढकलते. उरलेले तीन आतच राहतात. अशा दहा चकत्या एकाच आसावर आहेत. हँडलची एक फेरी झाली की सगळ्या चकत्या एकदा फिरतात, आणि बाहेर आलेले दात समोरच्या चाकांना तितकी घरं पुढे ढकलतात. खटक्यांवर ४७३८ मांडलं आणि एक फेरी दिली, की उत्तरात ४७३८ मिळवले गेले. दुसरी फेरी, ९४७६.

व्हिल्गोट ओडनर हा स्वीडिश अभियंता सेंट पीटर्सबर्गला लुडविग नोबेल यांच्या कारखान्यात काम करायचा. तिथे तोमा द कोलमार यांचं अरिथमोमीटर नावाचं गणनयंत्र त्याच्याकडे दुरुस्तीला आलं आणि यापेक्षा सुटसुटीत यंत्र करता येईल असं त्याच्या मनात आलं, असं सांगतात. तोमांच्या यंत्रात लाइब्निझने काढलेले पायऱ्यापायऱ्यांचे लांब दंडगोल होते. कमी-जास्त लांबीचे नऊ दात असलेला एकेक दंडगोल प्रत्येक अंकासाठी लागायचा, त्यामुळे यंत्र लांबलचक आणि जड व्हायचं. ओडनरने दंडगोलाच्या जागी पातळ चकती आणली. अमेरिकेत फ्रँक बाल्डविन यानेही १८७५ मध्ये अशाच चकतीचं पेटंट घेतलं. ओडनरचं यंत्र १८९० पासून कारखान्यात मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागलं. पुढे जर्मनीत ते ब्रुन्सव्हिगा नावाने निघालं, सोव्हिएत संघात 'फेलिक्स' नावाने, आणि १९७० च्या दशकापर्यंत ते बनत राहिलं. ऐंशी वर्षं एखादी रचना जवळजवळ तशीच टिकते, तेव्हा ती मुळातच नेमकी असते असं मला वाटतं.

सफाईनंतर शिलाई मशीनचं तेल सुईच्या टोकाने आसांवर लावलं. दातांवर मुद्दाम लावलं नाही, कारण तिथे तेल धूळ धरतं आणि पुन्हा तीच वेळ येते. मग यंत्र सरांकडे घेऊन गेले.

त्यांनी पहिल्या दिवशी मला एकही गणित करू दिलं नाही. फक्त हँडल. हँडलची मूठ एका खळगीत बसलेली असते. ती बाहेर ओढायची, पूर्ण गोल फिरवायची आणि पुन्हा त्याच खळगीत सोडायची. ती बसली की 'टक' असा आवाज येतो. तो आवाज आला नाही तर फेरी पूर्ण झालेली नाही, आणि तोवर खटकेही हलत नाहीत आणि कॅरेजही सरकत नाही. सुरू केलेली फेरी मध्येच सोडून उलटी फिरवायची नाही, हा पहिला नियम. चुकीच्या दिशेने सुरू झाली तरी ती पूर्ण करायची आणि मग एक उलटी फेरी देऊन ती रद्द करायची. "अर्ध्या फेरीत यंत्राला काय करायचंय ते अर्धंच कळलेलं असतं," सर म्हणाले. त्या चिकटलेल्या हातोडीची गोष्ट मी त्यांना सांगितली तेव्हा त्यांनी मान हलवली. कुणीतरी नेमकं तेच केलं असणार.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उत्तराच्या सहा खिडक्यांत ९९९९९९ आणायला लावलं. मग एककाचा खटका १ वर, बाकी सगळे शून्यावर. "आता फिरव. पण अगदी सावकाश. आणि बघू नकोस, डोळे मीट."

मी डोळे मिटून हँडल ओढलं. सुरुवातीला काहीच जाणवलं नाही, मग एक हलका ठोका. नंतर लगेच दुसरा, तिसरा, चौथा. तळहातात सहा ठोके एकामागून एक आले, जणू आत कुणी जिना चढत होतं. डोळे उघडले तर १००००००.

आपण लहानपणापासून 'हातचा एक' म्हणत आलो आहोत. बेरीज करताना एक बोट दुमडून ठेवायचं आणि पुढच्या घरात तो मिळवायचा. या यंत्रावर तो खरोखर हाताला लागतो. घडतं ते असं: उत्तराचं चाक नवावरून शून्यावर जाताना त्याच्यावरचा उंचवटा समोरच्या हातोडीला ढकलतो आणि हातोडी कलून राहते. म्हणजे यंत्राने हातचा लक्षात ठेवला. त्याच फेरीत थोडं पुढे, डावीकडच्या चकतीवरचा एक जादा दात त्या कललेल्या हातोडीवर घासून बाजूला सरकतो आणि पुढच्या चाकाला एक घर ढकलतो. मग हातोडी परत सरळ होते. हे जादा दात सगळ्या चकत्यांवर एका रेषेत नाहीत. प्रत्येक चकतीवर तो उजवीकडच्या चकतीपेक्षा थोडा उशिरा येईल असा बसवलेला आहे, मळसूत्रासारखा. म्हणून एककाचा हातचा दशकात पोचतो, त्याने दशकात नवा हातचा तयार झाला तर तो शतकात न्यायला वेळ उरतो, आणि असं पुढे पुढे. दोन्ही दिशांनी चालावं म्हणून प्रत्येक चकतीवर असे दोन दात आहेत, एक बेरजेसाठी आणि एक वजाबाकीसाठी.

हे समजल्यावर मला जुन्या यंत्रांकडे पाहायची किल्लीच मिळाली. अंक दाखवणारी चाकं करणं सोपं आहे. सगळ्यांची खरी परीक्षा हातच्याने घेतली. विल्हेल्म शिकार्डने १६२३ मध्ये केप्लरला पत्राने आपल्या यंत्राची हकिकत कळवली होती. त्यात एका चाकावरचा एकच दात पुढच्या चाकाला ढकलायचा. ९९९९९९ मध्ये एक मिळवला, की ती सगळी चाकं एकाच हिसक्यात हलवण्याचं ओझं पहिल्या चाकावर पडणार. पास्कालने १६४२ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, वडिलांच्या करवसुलीच्या हिशेबांसाठी यंत्र करायला घेतलं, आणि हे ओझंच वाटून टाकलं. चाक एकेक घर पुढे जाताना एक छोटं वजन थोडं थोडं वर उचलत राहायचं आणि नवानंतर ते वजन खाली पडून पुढच्या चाकाला ढकलायचं. हातच्याची ताकद आधीच साठवून ठेवलेली. फार सुंदर कल्पना आहे ही. फक्त तिच्यामुळे चाकं उलटी फिरवता येत नसत, म्हणून पास्कालच्या यंत्रावर वजाबाकी नवाच्या पूरक संख्येने, म्हणजे प्रत्येक अंक नवातून वजा करून येणाऱ्या संख्येने करावी लागे. लाइब्निझच्या यंत्रात लांबवर जाणारा हातचा मध्येच थांबायचा, आणि तो राहिला आहे हे मागच्या बाजूला वर आलेल्या पंचकोनी चकत्यांवरून कळायचं. मग तो हाताने पुढे न्यायचा. बॅबेजने तर हातचा आधीच ओळखून सगळ्या घरांत एकदम पोचवणारी रचना आखली. ओडनरचं उत्तर यांत सगळ्यांत साधं आहे: ताकद साठवू नका, आधी ओळखूही नका, फक्त प्रत्येकाला थोडा वेळ द्या.

त्यालाही मर्यादा आहे. माझ्या यंत्रात कॅरेज मूळ जागी असताना हातचा अकराव्या खिडकीपर्यंतच जातो. बारावी आणि तेरावी खिडकी त्या जागी गप्प बसतात. सरांनी सांगितलं, यंत्र नवं हातात आलं की सगळीकडे नऊ भरून एक मिळवून पाहायचं आणि हातचा कुठवर पोचतो ते लिहून ठेवायचं. मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे.

गुणाकारात कॅरेजची गंमत कळली. कॅरेज उजवीकडे एक घर सरकवलं की एककाचा खटका उत्तराच्या दशकाशी येतो, आता प्रत्येक फेरी दहापट. सरकतं कॅरेज ही कल्पना लाइब्निझची, आणि तिच्यावाचून गुणाकार म्हणजे नुसती कंटाळवाणी बेरीज झाली असती. ४७३८ ला २०६ ने गुणायचं तर सहा फेऱ्या, कॅरेज दोन घरं उजवीकडे, दोन फेऱ्या. शून्यासाठी काही करायचं नाही, नुसतं ओलांडायचं. फेऱ्यांच्या खिडक्यांत २०६ दिसतं आणि उत्तरात ९७६०२८. दशांश चिन्ह यंत्राला ठाऊक नसतं. खिडक्यांवरच्या पट्टीवर छोटे सरकते काटे आहेत, ते आपण लावायचे. खटक्यांवर दोन स्थळं, फेऱ्यांत दोन स्थळं, तर उत्तरात चार.

मग सरांनी मोजणीतला एक खराखुरा गुणाकार दिला: २१४.३७ गुणिले ८६.०५. मी पाच, शून्य, सहा, आठ अशा एकोणीस फेऱ्या दिल्या. ते शांतपणे बघत राहिले. झाल्यावर म्हणाले, "आता हेच अकरा फेऱ्यांत कर."

मला काही सुचेना. त्यांनी माझ्या वहीत लिहिलं: ८६०५ म्हणजे १०००० वजा १४०० अधिक ५. एककावर पाच फेऱ्या पुढे. दशक ओलांडायचं. शतकावर चार फेऱ्या उलट्या. हजारावर एक उलटी. दहा हजारावर एक सुलटी. पाच, चार, एक, एक, झाल्या अकरा. उत्तर तेच: १८४४६.५३८५. उलट्या दिलेल्या फेऱ्या डावीकडच्या खिडक्यांत लाल अंकांत दिसतात, त्यामुळे तिथे पांढरा १, लाल १, लाल ४, ०, ५ असं उभं राहतं, आणि ते वाचायलाही शिकावं लागतं. त्यानंतर मला कुठलीही संख्या पूर्वीसारखी दिसेना. ९८ दिसलं की मनगटाला आपोआप 'दोन मागे, एक पुढे' सुचू लागलं. दिवसभर हँडल फिरवणाऱ्या माणसाच्या खांद्याला वाचलेल्या आठ फेऱ्यांची किंमत काय असेल, हे दोन तास सलग काम केल्यावर कळतं.

प्रत्येक गुणाकाराचा नवाचा ताळा घ्यायचा, म्हणजे अंकांची बेरीज एकाच अंकावर येईपर्यंत करून उत्तर पडताळायचं, हा सरांचा आग्रह. २, १, ४, ३, ७ यांची बेरीज १७, म्हणजे ८. ८, ६, ०, ५ यांची १९, म्हणजे १०, म्हणजे १. आठ एके आठ. उत्तरातल्या अंकांची बेरीज ४४, म्हणजे ८. ताळा जमला. ओळीखाली एक छोटी बरोबरची खूण करायची आणि पुढे जायचं.

भागाकार मात्र मी कित्येक दिवस टाळत होते. तो सुरू केला तेव्हा समजलं की या यंत्रावरचा सगळ्यांत जिवंत भाग तोच आहे. पहिला भागाकार ३५५ भागिले ११३ होता. त्सू चोंगचीने पाचव्या शतकात π साठी वापरलेला हा अपूर्णांक. कॅरेज पूर्ण उजवीकडे नेलं, ३५५ मांडून एक फेरी दिली, म्हणजे भाज्य उत्तराच्या डाव्या भागात जाऊन बसलं. फेऱ्यांची ओळ शून्य केली, कारण ती एक फेरी मोजली गेली होती. खटक्यांवर ११३ मांडलं. आता उलट्या फेऱ्या. एक, दोन, तीन, उरले १६. चौथी फेरी दिली आणि घंटी वाजली.

ती घंटी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी दचकले. उत्तराच्या डाव्या खिडक्यांत नऊच नऊ आले होते. शून्याच्या खाली गेलं की उसना घेतलेला एक डावीकडे धावत जातो, त्याला देणारं कुणी भेटत नाही, आणि शेवटच्या घराशी तो घंटीवर आदळतो. एक सुलटी फेरी दिली, घंटी पुन्हा वाजली, नऊ जाऊन १६ परत आले. कॅरेज एक घर डावीकडे. आता १६० मधून ११३: एक फेरी, दुसरीला घंटी, एक परत. असं करत करत डावीकडे लाल अंकांत ३, १, ४, १, ५, ९, २, ९ उमटत गेले आणि उजवीकडे शेवटी २३ उरले. मी फेऱ्या मोजल्या होत्या. चौतीस कामाच्या, आठ जास्तीच्या आणि आठ त्या परत करणाऱ्या, एकूण पन्नास. कागदावर भागाकार करताना आपण 'कितीचा भाग जाईल' याचा आधी अंदाज बांधतो. इथे अंदाज नाही. जाईल तोवर काढत राहायचं, जास्त झालं की यंत्रच सांगतं, मग एक परत द्यायचा. पुढे सरांनी तो एक परत न देण्याची युक्तीही शिकवली. घंटी वाजली की तसंच कॅरेज सरकवायचं आणि पुढच्या घरात घंटी पुन्हा वाजेपर्यंत सुलट्या फेऱ्या द्यायच्या. जलद होतं, पण मला परत देण्याची पद्धतच आवडते. प्रत्येक अंकानंतर बाकी खरी दिसते.

वर्गमूळ एका पावसाळी दुपारी शिकले, आणि त्या दुपारी मला जेवायचंही भान राहिलं नाही. एकोणिसाव्या शतकातला जर्मन भौतिकशास्त्रज्ञ ऑगस्ट ट्योप्लर याची ही पद्धत. १, ३, ५, ७ अशा विषम संख्या ओळीने मिळवत गेलं की बेरीज नेहमी पूर्ण वर्ग येते: १, ४, ९, १६. मग उलट जायचं. २ चं वर्गमूळ हवं तर २ डाव्या टोकाला बसवा. त्यातून १ काढा, उरला १. पुढची विषम संख्या ३, ती जात नाही. एक फेरी, म्हणून पहिला अंक १. आता शेवटच्या विषम संख्येत एक मिळवा, १ चे २ झाले; कॅरेज एक घर डावीकडे आणि उजवीकडच्या पुढच्या खटक्यावर १. खटक्यांवर २१ दिसतात, उत्तराच्या खिडक्यांत त्यांच्यासमोर १००. २१ काढा, २३ काढा, २५, २७, उरले ४. चार फेऱ्या. २७ चे २८ करा, सरका, पुढे १ लावा: २८१. चारशेतून एकदा जातं, उरले ११९. मग २८२१ पासून चार वेळा, मग २८२८१ पासून दोन वेळा. फेऱ्यांच्या खिडक्यांत १४१४२. फक्त बारा फेऱ्या. प्रत्येक फेरीला एका खटक्याचा अंक दोनने वाढवायचा, एवढंच हातकाम. ज्या संख्येचा शेवट नाही ती माझ्या मनगटातून एकेक अंक बाहेर येत होती, आणि यंत्राच्या खिडक्या संपल्या म्हणूनच मी थांबले.

संख्याशास्त्रातली माणसं याच यंत्रांवर जगली. लंडनमध्ये कार्ल पिअर्सन यांच्या बायोमेट्रिक प्रयोगशाळेत ब्रुन्सव्हिगा यंत्रं चालत. खटक्यांच्या डाव्या टोकाला x, उजव्या टोकाला y मांडून y इतक्या फेऱ्या दिल्या की उत्तरात एकाच वेळी xy आणि y चा वर्ग मिळतो. शून्य न करता पुढची जोडी घ्यायची, दोन्ही बेरजा साठत जातात. हे करून पाहिलं तेव्हा दहा जोड्यांतच घामाघूम झाले. शेकडो जोड्यांची सहसंबंधाची कोष्टकं ज्यांनी अशी केली, त्यांच्याविषयी मला तेव्हापासून मनापासून आदर वाटतो.

शेवटी सरांनी सात कोपऱ्यांच्या एका जमिनीचे निर्देशक, म्हणजे प्रत्येक कोपऱ्याचे x आणि y, दिले आणि क्षेत्रफळ काढायला सांगितलं. एका कोपऱ्याचा x आणि पुढच्याचा y यांचा गुणाकार सुलट्या फेऱ्यांनी, त्याचा y आणि पुढच्याचा x यांचा गुणाकार उलट्या फेऱ्यांनी, असं फिरत पहिल्या कोपऱ्यापर्यंत यायचं. उत्तराची ओळ मध्ये एकदाही शून्य करायची नाही. चौदा गुणाकार झाले की खिडक्यांत दुप्पट क्षेत्रफळ उभं असतं. कुठेही मधली रक्कम कागदावर उतरवायची नाही, त्यामुळे उतरवताना होणाऱ्या चुका होत नाहीत. यंत्राचं सगळं बळ इथे दिसतं.

मी काम पूर्ण केलं, नवाचा ताळा घेतला, जमला. नियमाप्रमाणे अदलाबदल करून पुन्हा केलं. म्हणजे पहिल्या वेळी जे खटक्यांवर मांडलं होतं त्याच्या आता फेऱ्या दिल्या. याही वेळी ताळा जमला. पण दोन उत्तरं वेगळी होती. पहिलं दुसऱ्यापेक्षा १,६६,०१८.८४६५ ने जास्त.

दोन्ही ताळे जमलेले आणि उत्तरं दोन. मी पुन्हा पुन्हा अंक तपासत बसले. शेवटी सरांना दाखवलं. त्यांनी फरकाच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ताळा कशाला आंधळा असतो?"

मग डोक्यात प्रकाश पडला. दहाला नवाने भागलं की एक उरतो, म्हणून एखादी संख्या दहापट झाली तरी तिचा ताळा बदलत नाही. एखादा गुणाकार एक घर सरकून पडला असेल, तर त्याच्याऐवजी दहापट मिळवला गेला. चूक म्हणजे त्या गुणाकाराची नऊपट. फरकाला नवाने भागलं तर तो गुणाकार स्वतःच समोर येईल.

भागाकार त्याच यंत्रावर केला. १६६०१८८४६५ दहाही खटक्यांवर मांडून एक फेरी. फेऱ्या शून्य. ९ दशकाच्या खटक्यावर ठेवला, कारण भागाकारात नऊ अंक येणार होते आणि खिडक्या आठच. कॅरेज उजव्या टोकाला. उलट्या फेऱ्या, घंटी, एक परत, सरका. १. मग ८, ४, ४. पाचव्या अंकाला ६ आला तेव्हाच मी आकडा ओळखला होता, तरी शेवटपर्यंत गेले. ५, ३, ८. आठ खिडक्या संपल्या, उजवीकडे ४५ उरले, म्हणजे नववा अंक ५. १८४४६.५३८५. अकरा फेऱ्यांत करायला शिकले तो गुणाकार, तिसऱ्या कोपऱ्याचा x आणि चौथ्याचा y.

तो करण्याआधी मी कॅरेज डावीकडे आणलं होतं, आणि ते मूळ जागी आलं असं धरून चालले होते. फेऱ्यांच्या खिडक्यांत ८६०५ ऐवजी ८६०५० चा हिशेब उभा असणार. तो न वाचताच मी चावी पिळली होती. सरांनी कॅरेज उजवीकडे नेऊन सावकाश डावीकडे सोडलं. ते शेवटच्या घराच्या एक घर अलीकडे थांबलं. पुन्हा केलं, पुन्हा तिथेच. मी यंत्र तिरपं करून रुळाकडे पाहिलं. डाव्या टोकाशी नखाएवढा सुकलेल्या तेलाचा एक तपकिरी थर राहिला होता, पहिल्या सफाईत माझ्या नजरेतून सुटलेला.

स्पिरिट आणि कुंचला पिशवीतच होते. तो थर निघाल्यावर कॅरेज सोडलं तर ते सरळ टोकापर्यंत गेलं आणि 'टक' करून बसलं. मी दोन्ही चाव्या पिळल्या, वहीत प्रत्येक गुणाकारापुढे फेऱ्यांचा आकडा लिहायला एक नवा रकाना आखला, आणि पहिल्या कोपऱ्यापासून तिसऱ्यांदा सुरुवात केली.